हौदातलं पांढरं पाणी

पोलिसाच्या नोकरीत रक्त पुष्कळ पाहिलं. त्यातलं बरंचसं विसरलो. वाळूजच्या एका हौदातलं पांढरं पाणी मात्र इतक्या वर्षांनंतरही विसरता आलेलं नाही. त्या प्रकरणातली माणसं अजून त्याच भागात राहतात, म्हणून कुणाचंही नाव घेणार नाही.

दुष्काळाची वर्षं होती. शहर वाळूजच्या अंगाने पसरत चाललं होतं आणि आजूबाजूची गावं रिकामी होऊन त्याच शहरात येत होती. बजाजनगरच्या पलीकडे, जिथे नळही पोचला नव्हता आणि गटारही, तिथे पत्र्याच्या खोल्यांची एक कामगार वस्ती उभी राहिली होती. पाणी टँकरने यायचं, तेही एक दिवसाआड. संध्याकाळी टँकर सिमेंटच्या हौदात रिकामा व्हायचा आणि पहाटे वॉलमन तोट्या सोडायचा. टँकर पाठवणाऱ्या पुढाऱ्याला सगळे ‘भाऊ’ म्हणत. वस्तीतले बहुतेक पुरुष सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. त्या कारखान्यातल्या जुन्या युनियनचे अध्यक्षही भाऊच होते.

तिथे नवी युनियन उभी राहिली, लेथ चालवणाऱ्या फुलंब्रीकडच्या एका तरुण टर्नरने उभी केलेली. आमच्या राज्यात युनियनला मान्यता मिळते ती सभासदांच्या पडताळणीवर. वर्गणीच्या पावत्या तपासतात, मतदान घेत नाहीत. टर्नरचं म्हणणं असं, की पावती गळ्यात हात घालूनही फाडता येते आणि गळा धरूनही. तेव्हा चिठ्ठी टाकून गुप्त मतदान घ्या. भाऊ म्हणत, मतदानच हवं असेल तर गेटवर सभा घ्या आणि हात वर करा. जिल्ह्यातल्या राजकारण्यांना हा वाद आयताच मिळाला. एक आमदार गुप्त मतदानाच्या बाजूने भाषणं ठोकू लागला, दुसरा ‘कायद्यात नाही ते होऊ देणार नाही’ म्हणून गरजू लागला. शेवटी कंपनी दोन्ही बाजूंच्या संमतीने चिठ्ठीच्या मतदानाला तयार झाली. भाऊंनी संमती दिली खरी. ती इतक्या सहज दिली, की माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात पहाटे हौदाच्या तोट्यांना पांढरं पाणी आलं. अंधारात कुणाच्या लक्षात आलं नाही. उजाडेपर्यंत एक म्हातारी आणि दोन लेकरं उलट्या करत घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखल झाली होती. मी हौदाचं झाकण उचलून पाहिलं. आत पाणी घातलेलं दूध असावं तसा रंग होता आणि वर तेलकट वास. मशीनवर लोखंड कापताना जे कूलंट सोडतात, ते पाण्यात पडलं की असंच दिसतं. हौदाला कुलूप नव्हतं. झाकण कुणीही उचलावं.

ठाण्यावर परतलो तोच निनावी फोन आला. “टर्नरच्या न्हाणीमागं डबा बघा.” पंच घेऊन गेलो. डबा तिथेच होता, कूलंटचा, अर्धा रिकामा.

आता सगळं जुळत होतं. कूलंट टर्नरच्या खात्यातलं, टँकर भाऊंचा. पाणी नासलं की भाऊ बदनाम. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. फोन करणाऱ्याला वस्तू कुठे आहे ते हातभर अंतरापर्यंत नेमकं ठाऊक असलं, की आधी फोनवाल्याचाच विचार करावा, हे मी पहिल्या वरिष्ठांकडून शिकलो होतो.

टर्नरला चौकशीला बोलावलं. तो घाबरला होता, पण नजर खाली घालत नव्हता.

“डबा तुझा?”

“कारखान्याचा दिसतो, साहेब. घरी नेऊन मी काय करू? भाजीला फोडणी देऊ का त्याची?”

“जास्त बोलू नकोस. लेकरं दवाखान्यात आहेत.”

“त्यातलं एक माझ्या चुलतभावाचं आहे.” तो म्हणाला, “साहेब, मला अटक करायची तर करा. फक्त मतदान होऊ द्या, मग करा.”

“मतदानाची एवढी घाई कशाला?”

“मला धरलं की ते म्हणणार, बघा, चिठ्ठीवाले कसे असतात. मग गेटवर हात वर करायला लावतील. ज्याच्या टँकरचं पाणी पितो त्याच्या तोंडावर हात कसा वर होणार, तुम्हीच सांगा.”

तो खरं बोलतोय की छान बोलतोय, हे ठरवणं अवघड होतं. युनियनची पत्रकं तोच लिहायचा, आणि पत्रकं लिहिणाऱ्या माणसांचं बोलणं नेहमीच छान असतं.

दुपारी भाऊ स्वतः आले. पांढरे कपडे, हातात घाटीतल्या लेकरांसाठी घेतलेली मोसंबी.

“पोरगा वाईट नाय, साहेब. भरकटला. धरा दोन दिवस, शहाणा होईल. मतदान पुढं ढकलू, नाहीतर हात वर करून घेऊ गेटवर, दिवसाढवळ्या. लपून चिठ्ठी टाकणारा आणि लपून पाण्यात घाण टाकणारा, दोघं एकाच माळेचे मणी.”

“फोन करणाराही लपूनच बोलला, भाऊ.”

ते हसले. “तो बिचारा भिऊन.”

“कुणाला?”

भाऊंनी मोसंबी उचलली आणि घाटीत जायला उशीर होतो म्हणाले. त्यानंतर वरून फोन आला, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. मी उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे हवालदारांना घेऊन हौदावर गेलो. हवालदार आमचे पैठण गेटकडचे, दख्खनी बोलणारे, अर्धं आयुष्य ठाण्यात घालवलेले. हौद धुऊन जादा टँकरने पुन्हा भरला होता आणि समोर भांड्यांची रांग लागली होती. हंडे, कळशा, रंगाचे रिकामे डबे, दोरीने बांधलेली फुटकी बादली. बाया रात्रीच भांडं ठेवून नंबर लावत. प्रत्येकीचं भांडं सगळ्यांना ओळखीचं. एका बाईने दुसरीचा डबा बोटभर मागे सारला आणि तिथे जुंपली.

“तुझ्या बापाचा हौद हाय का गं?”

“माझ्या बापाचा असता तर तुला पाजलं असतं का?”

हवालदार हसून म्हणाले, “साब, मय्यत के दिन भी इनका बर्तन लाइन में रहता.”

त्या वाक्यावर मी थांबलो. ज्याला पाणी नासलंय हे आधीच ठाऊक होतं, तो आपला हंडा त्यात भरेल का? भरून ओतून देईल म्हणावं, तर दुष्काळात पाणी ओतताना कुणी पाहिलं असतं तर वस्तीने जाब विचारला असता. मग कालच्या रांगेत कुणाची भांडी नव्हती?

मी बायांना सरळ विचारलं. तोवर तावातावाने भांडणाऱ्या बाया एकदम गप्प झाल्या. एक मावशी तोटीकडे बघत म्हणाली, “आमाला काय म्हाईत, साहेब. आपापला हंडा बघावं का दुसऱ्याचा?” ज्या बायांना दुसरीचा डबा बोटभर सरकलेला कळतो, त्यांना कुणाचं भांडं नव्हतं ते कळलं नसेल, हे अशक्य होतं. सगळ्यांसमोर बोललेलं भाऊंच्या कानावर जाणार आणि परवा टँकर येईल तेव्हा आपला नंबर नसणार, एवढंच त्यांना कळत होतं.

“मालूम सबको है, साब,” हवालदार पुटपुटले. “बोलते नै.”

तेव्हा मी टर्नरच्या बोलण्याचा पोलिसी उपयोग केला. अंगणवाडीची खोली मागून घेतली आणि घरटी एक बाई बोलावली, एकूण एक, भाऊंची लांबची वहिनीसुद्धा. सोबत आमची महिला शिपाई बसवली. आत एकेकटीने यायचं. प्रत्येकीला चहा. जिला बोलायचं नाही तिनेही कप संपेपर्यंत बसायचं. बाहेर उभ्या असलेल्या भाऊंच्या माणसांना दिसलं ते एवढंच, की प्रत्येक बाई आत जाते आणि चहा पिऊन बाहेर येते.

बऱ्याच जणी दुष्काळाचं बोलल्या, काही नवऱ्याच्या दारूचं. पण ज्या मूळ मुद्द्याचं बोलल्या, त्या सगळ्यांनी एकच घर सांगितलं. ते वॉलमनचं होतं. त्याची पिंपं कायम रांगेच्या तोंडाला असत, आणि त्या पहाटे नव्हती.

वॉलमन त्याच कारखान्यात स्टोअरला होता आणि भाऊंच्या खोलीत बिनभाड्याने राहत होता. त्याला ठाण्यावर आणलं.

“काल पाणी भरलं नाहीस?”

“घरी व्हतं, साहेब.”

“टँकर एक दिवसाआड येतो. घरी किती होतं?”

“असंल की हंडाभर.”

हवालदार जवळ जाऊन बसले. “भाई, मेरे घर में नल आता, तो भी मैं भरके रखता. तू वॉलमन होके नै भरा?”

मारायची गरज पडली नाही, आणि मी मारूही दिलं नसतं. तो स्वतःशीच बोलावं तसं बोलला. “घरची मालकीण लई भांडली माझ्याशी. नंबर का सोडला म्हणून. मी काय सांगणार व्हतो तिला?” मग रडायला लागला. “उजेडात पांढरं दिसंल, बाया ओरडतील, एवढंच ठरलं व्हतं. कुणी पिणार नव्हतं. त्यांनी अंधारातच पाजलं लेकरांना.”

कुणी ठरवलं होतं, तेही त्याने सांगितलं. पण पोलिसांसमोर सांगितलेलं कोर्टात टिकत नाही. दंडाधिकाऱ्यांसमोर उभा केला तेव्हा तो म्हणाला, मी माझ्या मनाने केलं. खोली भाऊंची होती आणि बायको त्याच खोलीत होती. त्याच्यावर आरोपपत्र गेलं. भाऊंपर्यंत मी पोचू शकलो नाही.

टर्नर सुटला आणि मतदान ठरल्या दिवशी झालं. कामगार खात्याच्या माणसांसमोर, पडद्याआड, चिठ्ठीने. बंदोबस्ताला मी स्वतः उभा होतो. आत जाताना प्रत्येक कामगार भाऊंना वाकून नमस्कार करत होता. मला वाटलं, झालं, सगळं पाण्यात गेलं. संध्याकाळी पेटी उघडली, तेव्हा नवी युनियन मोठ्या फरकाने निवडून आली होती.

टँकरची पाळी आली तेव्हा टँकर आला नाही. भाऊंची अडचण मला समजत होती. वाकून नमस्कार सगळ्यांनीच केला होता. फितूर कोण ते कळेना, म्हणून त्यांनी सगळ्या वस्तीचं पाणी तोडलं. हौदावर एकमेकींची भांडी सारणाऱ्या बाया तेच रिकामे हंडे घेऊन कलेक्टर कचेरीवर गेल्या आणि सरकारी टँकर घेऊनच परतल्या. त्या मोर्चात भाऊंची लांबची वहिनीही होती.

मतदानाच्या नियमांवरून राजकारणी आजही भांडतात. उघड मत म्हणजे मर्दानगी आणि गुप्त मत म्हणजे भित्रेपणा, असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं, की मला त्याला एकच विचारावंसं वाटतं. बाबा रे, तुझ्या घरचं पाणी कोण सोडतं? ज्याला ते कुणाकडे मागावं लागत नाही, त्याने हात वर करण्याच्या गोष्टी खुशाल कराव्यात. त्या प्रकरणानंतर मी ज्या ज्या ठाण्यावर गेलो, तिथे एकाच माणसाला साक्षीला कधी बोलावलं नाही. बोलावलं तर अख्खी गल्ली बोलावली.