बालविभागास सप्रेम भेट

आत आल्या आल्या ते आधी पंखा बंद करायचे. एप्रिलचा महिना असो, वर पत्रा तापलेला असो, खाली तीस पोरं घामानं निथळत गोष्ट ऐकत असोत, त्यांना त्याचं काही नसे. बटण बंद, मान वर. पाती थांबेपर्यंत तसेच उभे राहायचे आणि मग पंख्याखाली गोल फिरत वाचायचे. एका पात्यावर ‘कै. भिकाजी तात्या’, दुसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’, तिसऱ्यावर ‘बालविभागास सप्रेम भेट’. वाचून झालं की समाधानानं मान हलवायचे आणि पुढच्या पंख्याकडे वळायचे. पंखे चार होते.

मी विचारलं होतं, रोज कशाला वाचता? पाठ झालं असेल एव्हाना. त्यावर म्हणाले, “फिरत्या पंख्यावरचं नाव दिसत नाही मॅडम. ज्यानं दिलं त्याचं दिवसातून एकदा तरी वाचायला नको?”

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. नसतील तर तुम्ही सुखी आहात.

नाशिकहून पिंपळगावकडे निघालं की हायवेला लागून आमचं गाव येतं. पुलाखालून आत वळलं की सार्वजनिक वाचनालय. मी तिथं बालविभागात लागले तेव्हा ग्रंथालयशास्त्राची पदवी ताजी होती आणि डोक्यात मुलांसाठी काय काय करायचं याची भलीमोठी यादी होती. पंखे बंद करणारे ते वाचनालयाचे कार्यवाह. सगळे त्यांना भाऊ म्हणत. उभा जन्म एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला. गाड्यांच्या घोषणा करून करून आवाज असा झाला होता की ‘शांतता राखा’ हे त्यांनी सांगितलं तरी रस्त्यावरची कुत्री उठायची.

कुठल्याही वस्तूकडे बघून त्यांना एकच प्रश्न पडायचा. “यावर नाव कुणाचं टाकायचं?” कपाट आलं, नाव. पाण्याचा माठ आला, नाव. चपला ठेवायच्या लाकडी घोड्याला सुद्धा कुणाच्या तरी आत्याचं नाव होतं. मी एकदा चिडून म्हटलं की आता कचऱ्याच्या डब्यालाही शोधा कुणी. त्यांनी ते मनावर घेतलं. आठवड्याभरात डबा आला. एका निवृत्त तलाठ्यानं स्वतःच्या हयातीतच दिला होता.

पेंटर त्यांचा ठरलेला. आधीच्या कुणी तरी पाटीवर नुसतं ‘वाचनालयास’ लिहिलं असेल तर भाऊ ते खोडायला लावून ‘बालविभागास’ करून घेत. याचाही मला राग होता, कारण पेंटरच्या डब्याच्या वासानं पोरांची डोकी दुखायची.

देणाऱ्यांबद्दल काय बोलावं? ग्रंथदान सप्ताहात लोक घरातली रद्दी आमच्याकडे आणून टाकत आणि वर फोटो काढून घेत. फाटकी गाईडं, बारा वर्षांपूर्वीचं पंचांग, लग्नात आलेली आणि कुणीही न उघडलेली पुस्तकं. एका गृहस्थानं खतांच्या कंपनीच्या कोऱ्या डायऱ्यांचा गठ्ठा आणला. मी तो दारातूनच परत पाठवणार होते. भाऊंनी हात जोडून ठेवून घेतला आणि प्रत्येक डायरीवर त्या गृहस्थाच्या वडिलांच्या नावाचा शिक्का मारला. पोरांनी शिबिरात त्यात गोष्टी लिहिल्या आणि चित्रं काढली, ही गोष्ट वेगळी. त्याचं श्रेय मी कुणाला दिलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटायची. दर शनिवारी मुलांना गोष्ट सांगायची, उन्हाळ्यात वाचन शिबिर घ्यायचं, मोठ्या मुलींकडून लहानांना वाचून दाखवून घ्यायचं, हे सगळं मी एका पत्र्याच्या खोलीत करत होते आणि हा माणूस त्या खोलीत येऊन मेलेल्यांची हजेरी घेत होता.

पत्र्यानंच सगळा घोळ केला. त्या उन्हाळ्यात शिबिरात दोन पोरींना चक्कर आली. पालक भांडायला आले. कार्यकारिणीनं ठरवलं की पुढच्या उन्हाळ्याच्या आत खोलीवर स्लॅब पडला तर ठीक, नाही तर बालविभाग बंद करून तिथं स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढायची. अभ्यासिकेतली पोरं फी देतात, उकाडा सोसतात आणि त्यांचे पालक भांडायला येत नाहीत. बालविभागाची पुस्तकं मग जिन्याखाली गेली असती, आणि मी कुठं गेले असते ते कुणी बोललं नव्हतं.

भाऊ स्लॅब मागत फिरले. पायात स्लिपर, काखेत वाचनालयाचा अहवाल. वणीपर्यंत जाऊन आले. शेवटी पिंपळगावकडच्या एका द्राक्ष निर्यातदारानं होकार दिला आणि एका सकाळी ते साहेब स्वतःच खोली बघायला आले. पांढरी गाडी, पांढरे बूट. भाऊंनी रिवाजाप्रमाणे चारही पंखे बंद करून त्यांना सगळी नावं वाचून दाखवली. साहेब घामाघूम झाले, पण खूशही दिसले. स्लॅब देतो म्हणाले, फक्त वडिलांचं नाव दारावर हवं. पितळी अक्षरांत, आत येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल असं.

दारावर नाव होतं. ‘कै. कु. कावेरी.’

हे दार झेंडूवाल्या आक्कांनी दिलेलं. आक्का फुलं पिकवायच्या आणि पहाटेच्या टेम्पोनं पंचवटीत नेऊन विकायच्या. त्यांची नात कावेरी दर शनिवारी वाचनालयात यायची, डेंग्यूनं गेली. मी लागण्याआधीची गोष्ट. जुन्या दाराला वाळवी लागली होती, तेव्हा आक्कांनी बांधावरचा कडुनिंब तोडून, सुतार बसवून हे दार करून घेतलं. टेम्पोनं परत येताना त्या कधी कधी उतरायच्या, दाराला हात लावायच्या आणि आत न येताच जायच्या.

भाऊंनी साहेबांना बाकी सगळं देऊ केलं. चारही भिंती घ्या म्हणाले, स्लॅबला खालून अख्ख्या खोलीभर नाव लिहू, मुलं आडवी पडली की वडिलांचंच नाव वाचतील. साहेब हसले नाहीत. त्यांना दारच हवं होतं.

मी भाऊंना बाजूला घेतलं. हे मी कुणाला सांगत नाही, पण आता सांगते. मी म्हटलं, “काढून टाका ना भाऊ ते नाव. आक्कांना कुठं वाचता येतं? त्यांना कळणार पण नाही.”

भाऊंचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा लहान ऐकला.

“वाचता येत नाही म्हणून तर काढता येत नाही, मॅडम.”

साहेब गेले. तो स्लॅब पुढे एका देवळाच्या सभामंडपावर पडला. मी भाऊंशी पंधरा दिवस बोलले नाही. एका दारापायी त्यांनी तीस पोरांचं छप्पर घालवलं, असं मी भेटेल त्याला सांगत होते.

मग अभ्यासिकेचा ठराव आला. कार्यकारिणीची सभा बालविभागातच भरली, कारण पुरेशा खुर्च्या तिथंच होत्या. पोरांच्या खुर्च्या त्या. अध्यक्षांसकट गावची सगळी वजनदार मंडळी गुडघे हनुवटीला लावून बसली होती. मला हसूही आलं नाही. ठराव वाचून झाला. कुणाचा विरोध आहे का, असं अध्यक्षांनी विचारायचं म्हणून विचारलं.

भाऊ उठले आणि त्यांनी पंखे बंद केले. मी कपाळावर हात मारला. आजही?

पाती थांबली. भाऊंनी स्टँडवरच्या आवाजात सुरुवात केली. “कृपया लक्ष द्या. कै. भिकाजी तात्या यांच्या स्मरणार्थ, बालविभागास सप्रेम भेट.” चार पंखे झाले. कपाटं झाली. माठ झाला. प्रत्येक नावानंतर ते ‘बालविभागास’ या शब्दावर थांबायचे, फलाट क्रमांक सांगावा तसे. मग अध्यक्षांसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, जरा उठता का, खुर्चीवरचं वाचायचं आहे. अध्यक्ष उठले. पाठीवर त्यांच्याच वडिलांचं नाव होतं. मग उपाध्यक्षांच्या सासूबाई. मग खजिनदारांचा थोरला भाऊ. एकेक जण उठत गेला. शेवटी सगळी कार्यकारिणी पत्र्याखाली उभी होती आणि बसायला एकही खुर्ची अशी नव्हती जी मुलांची नाही.

दार त्यांनी सगळ्यात शेवटी वाचलं. मग म्हणाले, “ही खोली रिकामी करायची तर करा. पण ज्यानं दिलं त्याच्या घरी जाऊन आधी विचारून या. सुरुवात आपापल्या घरापासून करा.”

ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि पुढच्या सभेत कुणी तो काढलाच नाही. ही मंडळी पोरांसाठी विरघळली असं मी म्हणणार नाही. घरी जाऊन काय सांगायचं याची त्यांना धास्ती पडली, एवढंच. पण ‘बालविभागास’ हा शब्द जागोजागी कशासाठी रंगवून घेतला होता, ते मला त्या दिवशी कळलं. एवढं शिकलेली मी, मला तो नुसता रंगाचा वास वाटला होता.

नंतर एकदा मी विचारलं, “भाऊ, तुमचं नाव कशावर आहे?”

“मी कुठं काय दिलंय?” ते म्हणाले. “मी तर मागतच आलो.”

गेल्या दिवाळीनंतर भाऊ गेले. शोकसभा बालविभागातच झाली. पत्रा अजून तसाच आहे. भाषणं तीच झाली जी सगळ्यांची होतात, आणि अध्यक्षांनी गहिवरल्या आवाजात सुचवलं की खोलीला भाऊंचं नाव द्यावं, दारावर छानशी पाटी लावावी. टाळ्या वाजायला लागल्या होत्या. मी उठले आणि म्हणाले की दारावर नाव आहे. खोलीत दुसरं काही मोकळं आहे का, असं कुणी तरी विचारलं. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कशावरही जागा नव्हती.

सभा सुरू व्हायच्या आधी पंखे मीच बंद केले होते. तासभर सगळे घामानं भिजत बसले, पण चालू करा असं मला कुणी म्हटलं नाही.