सातवीच्या अभ्यासापायी मी बोट थांबवली

चहा घ्या आधी, गरम आहे तोवर. मग काय हसायचं ते हसा. नाहीतरी अख्खी दिघी हसून झालीच आहे, तुम्ही कशाला मागे राहता?

तर त्या शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात मांदेली साफ करत बसले होते. दोन्ही हात खवल्यांनी भरलेले. पलीकडच्या खोलीत माझी सायली, सातवीतली, आणि तिची आत्या मनाली. म्हणजे माझी नणंद. मनालीला बघायला पुढच्या आठवड्यात काशीदची मंडळी यायची होती. चांगलं स्थळ, समुद्राकाठी घर, मुलगा हसतमुख. सगळं जुळवून आणलं होतं ते मी! हे लक्षात ठेवा, म्हणजे माझ्या जिवाची काय तगमग झाली ते कळेल.

दार लोटलेलं. आतून सायलीचा आवाज आला, "आत्या, सोपं आहे गं. एक्सला एकटं पाडायचं. बाकीच्यांना पलीकडे पाठवून द्यायचं."

मी थबकले. एक्स? आता मी काही अगदीच अडाणी नाही हो! मालिका बघते. एक्स म्हणजे जुना मित्र, एवढं मला कळतं. आणि आमच्या दिघीत 'पलीकडे' म्हणजे एकच. खाडीपार, आगरदांडा. फेरीबोटीत बसलं की आलंच.

मनालीनं विचारलं, "आणि पलीकडे गेल्यावर?"

"चिन्ह बदलतं!"

अगं बाई! चिन्ह बदलतं? कपाळाचं की गळ्यातलं? मी सुरी खाली ठेवली आणि सरकत सरकत दारापाशी गेले.

"शत्रू बलवान असला तर?" मनाली.

"समोरासमोर जायचंच नाही. तो बेसावध असताना निसटायचं."

घरात बलवान शत्रू कोण? सासूबाई गावाला गेलेल्या. नवरा गरीब. उरलं कोण, तुम्हीच सांगा!

"मोठी भरती कधी येते?"

"अमावास्येला!"

मी वळून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अमावास्या उद्याच! आणि तेवढ्यात मनालीचं ते वाक्य कानावर पडलं. आजही आठवलं की लाज वाटते.

"मिश्रण असेल तर वेगळं करता येतं. पण एकदा का सुयोग झाला, की सहजासहजी वेगळं करता येत नाही."

सुयोग! म्हणजे एक्सचं नावही कळलं. तीन घरं सोडून राहतो, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मनालीच्याच शाळेतला. वय वाढत चाललेलं, लग्न जमत नाही म्हणून त्याची आई देव पाण्यात घालून बसलेली.

मी काय केलं? सरळ दार ढकलून विचारायचं, की नाही? शहाणी बाई असती तर विचारलं असतं. मी म्हटलं, नको, रंगेहाथ पकडू.

रविवारी सकाळी दोघी तयार! मनालीच्या खांद्यावर ही भली मोठी बॅग.

"वहिनी, आम्ही पलीकडे शाळेत जाऊन येतो. उद्या प्रदर्शन आहे ना, मांडणी करायचीय."

रविवारी शाळा! मी गोड हसले. "जा हो, जा."

त्या वळणापलीकडे गेल्या, तशी मी धावले कपाटाकडे. माझा लग्नातला पिवळाधमक शालू गायब!

नवरा जेटीवर तिकिटाच्या खिडकीत असतो. लावला फोन. "अहो, बोट थांबवा!"

"अगं, गाड्या चढल्यात. पर्यटक हॉर्न मारतायत."

"तुमची बहीण पळून चाललीय! माझा शालू घेऊन!"

तिकडून नुसतं, "थांबवतो."

पण मला एवढ्यावर चैन कुठलं? मी तशीच सुयोगच्या अंगणात. त्याची आई सुकट निवडत बसली होती. मी ओरडले, "काकी, तुमचा सुयोग आमच्या मनूला पळवून नेतोय!"

मला वाटलं, काकी ऊर बडवेल. काकीनं सूप बाजूला ठेवलं, दोन्ही हात वर जोडले आणि म्हणाली, "देवा, पावलास रे माझ्या बाबा!"

"अहो काकी, पळवून नेतोय म्हणते मी!"

"व्हय गो, ऐकलं. कसा का होईना, नेतोय ना?" आणि लगबगीनं आत जाऊन नारळ घेऊन आली.

तिच्या मागून बनियनवर, तोंडात ब्रश धरून सुयोग बाहेर आला. "कोण कोणाला नेतोय?"

"तू. मनालीला," काकी म्हणाली.

"मी? कधी?"

"आता! तुला काय बी ठाव नसतं. जा, शर्ट घाल!"

इथे तरी मी थांबायला हवं होतं ना? पळून जाणारा माणूस घरात दात घासतोय! पण मला वाटलं, नाटक करतोय. गनिमी कावा!

निघालो जेटीकडे. पुढे मी, मागे नारळ घेतलेली काकी, त्यामागे उलट्या बटणांचा सुयोग. बोट थांबलेली. मुंबईच्या गाड्या कोकलतायत, लोक खाली उतरून मोबाईल सरसावून उभे. बाकावर मनाली आणि सायली.

"उघड ती बॅग!" मी कडाडले.

मनालीनं उघडली. आतून निघाला एक फुटबॉल, एक विजेरी, एक रबरी चेंडू आणि माझा शालू.

"हा कशाला?"

"आई, तो सूर्य आहे!" सायली रडवेली होऊन म्हणाली. "मागे पडदा लावायला पिवळं काहीतरी हवं होतं. भरती-ओहोटीचा देखावा आहे आमचा!"

"आणि एक्स? एक्स कोण?"

"एक्स म्हणजे पाच."

"पाच जण?" काकी किंचाळली.

"नाही हो आजी, नुसते पाच! समीकरणातला एक्स. मी सोडवलंय. आत्या माझी उजळणी घेत होती. गणित, इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळ्या सत्राची!"

माझा आवाज आता बारीक झाला होता. "मग सुयोग झाला की वेगळं होत नाही, ते?"

"संयुग गं आई! सं-युग! पाणी हे संयुग आहे!"

संपूर्ण जेटी हसली. बोटीवरचे खलाशी हसले. माझा नवरा खिडकीतून दिसेनासा झाला. हसून खाली बसला होता की लाजेनं, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. मनाली तर पोट धरून हसत होती. एकटा सुयोग गंभीर. म्हणाला, "वहिनी, मी जाऊ? तोंड धुवायचं राहिलंय."

ही बातमी काशीदला पोचायला कितीसा वेळ लागणार? मोडलं स्थळ, म्हणून मी आठवडाभर जेवले नाही धड. पण मंडळी आली. मुलाच्या आईनं मुलीकडे बघायच्या आधी विचारलं, "बोट थांबवणाऱ्या वहिनी त्या कोण?" पोह्यांची बशी घेऊन मीच उभी होते. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की लग्न तिथेच ठरलं.

राहिली काकी. तिनं नारळ काही परत नेला नाही. माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आशा तू लावलीस, आता पोरगी बी तूच शोध." तेव्हापासून मी सुयोगसाठी मुली बघतेय! कालच थळची एक सांगितली. शिकलेली, गुणी, सगळं व्यवस्थित.

काकीनं निमूट ऐकून घेतलं. मग पदर खोचत म्हणाली, "चांगली हाय गो. पण ह्या वेळी तिला समोर बसवून ऐक, दाराआडून न्हाय!"