गुणाभाऊंचा कान

ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणारे गुणाभाऊ डेंटर गाडीच्या मालकाशी आधी बोलत नसत. गाडी दारात उभी राहिली की हातातलं काम खाली ठेवायचे, पायजम्याला हात पुसायचे आणि मधल्या बोटाच्या पेराने टकटक करत गाडीभोवती एक फेरी मारायचे. मान डावीकडे कललेली, डोळे मिटलेले. फेरी संपली की मग मालकाकडे वळायचे. "हा दरवाजा बदललेला हाये जी. अन् मागच्या चाकावर बोटभर पुट्टी हाये. आता सांगा, काय झालं?"

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी पाहायची, आता काय मोडलं आणि आधीच काय मोडलेलं होतं ते लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. खिशात लोहचुंबक असायचं. खड्डा बुजवायला भरलेली पुट्टी जाड असली की ते पकडत नाही, त्यावरून कळतं. कामठी रोडवरच्या त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते चुंबक पाहून गुणाभाऊ हसले होते. "ठेवून द्या ते खिशात. त्याले फक्त हो अन् नाही समजते. पत्रा लय काही बोलते."

मी ते ठेवून दिलं. पुढे वीसेक वर्षं माझ्या कितीतरी अहवालांतली पहिली ओळ त्यांच्या बोटाने ठरवली. सही मात्र माझी असायची.

त्यांच्याकडे काम म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हातोडी. मागून लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून ठोकायचं. वर टिनाचं छप्पर, त्यामुळे प्रत्येक घाव दोनदा ऐकू यायचा. मी आत गेलो की पाच मिनिटांत डोकं धरायचो. एकदा म्हटलं, "गुणाभाऊ, कानात कापूस तरी घाला." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डोळ्यांवर पट्टी बांधायला सांगितलं होतं. "कापूस घातला तं पत्रा काय म्हणून राहिला, ते कसं समजीन?"

त्यांच्या कानाची खरी परीक्षा झाली ती वकीलसाहेबांच्या गाडीवर. सिव्हिल लाइन्समधल्या या वकिलांच्या थोरल्या भावाने परदेशातून एक जुनी इटालियन स्पोर्ट्स कार आणली होती. लाल, बुटकी, दोन माणसांपुरती. भाऊ वारला आणि गाडी यांच्याकडे आली. या मॉडेलची गाडी कारखान्याने आधी फायबरच्या अंगाची काढली होती. अंग हलकं व्हायचं, पण ते बनवायला वेळ फार लागायचा. म्हणून पुढे तीच गाडी पोलादी पत्र्यात निघू लागली. दिसायला जुळी बहीण, पण वजनाने चांगलीच भारी. फायबरच्या थोड्याच निघाल्या. आपली त्या थोड्यांतली आहे, असं भाऊ आयुष्यभर सांगत आला होता. घरात मात्र सगळे त्याला थापाड्या समजायचे. वकीलसाहेबांना फक्त एवढंच हवं होतं, की भाऊ खरं बोलत होता हे कुणीतरी सांगावं.

गुणाभाऊंना घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. माझं चुंबक गाडीला कुठेच चिकटलं नाही. वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. गुणाभाऊंनी डोळे मिटून फेरी मारली. दरवाजे, छत, मागची बाजू. पुढच्या बॉनेटवर मात्र बोट थांबलं. पुन्हा वाजवलं. "सारी गाडी फायबरची हाये जी. हे झाकण अॅल्युमिनियमचं हाये."

अॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. ते माझ्या चुंबकाला कधीच कळलं नसतं. वकीलसाहेब खाली बसले. "म्हणजे बदललेलं आहे? भाऊला फसवलं कुणीतरी?"

गुणाभाऊंनी झाकण एका हाताने उचललं आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. "बदललेलं नाही. कडेची ही मोड कारखान्याची हाये. त्यायनंच असं बनवलं असन. तुमचे भाऊ खोटं नाही बोलले."

वकीलसाहेबांनी परदेशात चार ठिकाणी पत्रं पाठवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. पहिल्या फायबरच्या गाड्यांना कारखान्यानेच अॅल्युमिनियमचं झाकण बसवलं होतं. ते पत्र घेऊन वकीलसाहेब स्वतः शेडमध्ये आले, आणि त्यांनी गुणाभाऊंचे काळे हात दोन्ही हातांत धरले. मी तिथे होतो. गुणाभाऊ लाजून म्हणाले, "मी काही नाही केलं जी. त्यानं सांगतलं, मी आयकलं."

यानंतर चार वर्षांनी मला पहिली शंका आली. आम्ही दोघं रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला निघालो होतो. मागून ट्रक हॉर्न देत आला आणि गुणाभाऊ चालतच राहिले. मी दंडाला धरून ओढलं. "ध्यान नव्हतं," ते हसून म्हणाले. मग मी पाहू लागलो. ते माझ्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहत होते. पाठमोरे असताना हाक मारली तर वळत नव्हते. आणि गाडीवर बोट वाजवलं की लगेच तळवा टेकवत होते. आवाज येत नव्हता म्हणून ते थरथर शोधत होते.

मी काही बोललो नाही. स्वतःला सांगितलं, की आयुष्यभर कानावर जगलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की ते अजून सांगत होते आणि मी अजून लिहून घेत होतो. त्यांचा अंदाज चुकला तर माझे अहवालही चुकणार होते. म्हणून मला ते कळलेलंच नको होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात वादळ आलं आणि वकीलसाहेबांच्या अंगणातल्या कडुनिंबाची फांदी गाडीच्या बॉनेटवर पडली. त्यांचा मला फोन आला. "गुणाभाऊंनाच द्यायचं ना?"

तेव्हा मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "त्यांच्याशिवाय कोण आहे?"

चौथ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. झाकण उलटं ठेवलेलं होतं. अॅल्युमिनियम ठोकत गेलं की कडक होतं, म्हणून मधूनमधून तापवून त्याला नरम करावं लागतं. तापलेलं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गुणाभाऊ त्यावर साबण घासायचे. साबण काळा पडला की ज्योत बाजूला. ते सगळं त्यांनी नीट केलं. पण पुन्हा केव्हा तापवायचं हे साबण सांगत नाही. ते आवाजावरून कळतं.

मी त्यांच्या मागे उभा होतो. आधी घावाचा आवाज बसका येत होता. मग तो वर चढू लागला. पातळ, टोकदार झाला. मला पत्र्यातलं काही कळत नाही, पण तो आवाज मलासुद्धा कळला. मी एक पाऊल पुढे टाकलं. खांद्यावर हात ठेवला असता तर ते थांबले असते. मी मनाशी म्हटलं, त्यांना माहीत असेल.

सुकी काठी मोडावी तसा आवाज झाला. कडेपासून मधोमध वीतभर चीर गेली. गुणाभाऊंनी त्यावर आणखी तीन घाव घातले. मग त्यांना ती दिसली.

ते वळले. मी मागे आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी हातोडी हळूच खाली ठेवली, एखाद्या झोपलेल्या माणसाशेजारी ठेवावी तशी.

वकीलसाहेब रागावले नाहीत. "होतं असं," म्हणाले आणि चीर गेलेलं झाकण घरी घेऊन गेले. पुढे त्यांनी दुसरीकडून फायबरचं झाकण करवून बसवलं. मला फोनवर म्हणाले, "आता सगळीच फायबरची झाली. कुणाला काय कळतंय?" त्यानंतर त्यांनी माझ्याजवळ त्या गाडीचा विषय कधी काढला नाही. भावाचाही नाही.

गुणाभाऊंनी आठवड्याभरात शेड बंद केलं. हातोड्या भंगारात दिल्या आणि पारशिवनीला मुलीकडे राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात ते तिथेच वारले. त्याआधी मी एकदाच त्यांना भेटलो.

वैशालीने, त्यांच्या मुलीने, अंगणात खाट टाकली. "काका, जोरात बोलू नका, काही फायदा नाही. बाबांले आता काहीच आयकू येत नाही. लिहून द्या."

गुणाभाऊ वाळले होते. ते एकसारखे उजवा कान तळव्याने दाबत होते. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "बाहेरचं सारं बंद झालं जी. आतलं ठोकनं बंद होत नाही. झोपलो तरी कोणी तरी पत्रा ठोकूनच राहिलं." आवाज फार मोठा होता. आपला आवाज किती आहे हे त्यांना कळत नव्हतं. "काय पत्रा हाये तो, तेही समजत नाही. काहून ठोकून राहिले, तेही समजत नाही."

वैशाली पदराने डोळे पुसत आत गेली. "चहा टाक वं," ते तिच्या पाठीमागे ओरडले.

मी डायरीचं कोरं पान काढलं. किती दिवस मनात जुळवून ठेवलेलं होतं, पण हातून एकच ओळ उतरली. "तुम्हाला ऐकू येत नाही हे मला त्या कामाच्या वर्षभर आधीपासून माहीत होतं."

त्यांनी एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचलं. डायरी माझ्याकडे परत दिली.

"तुमाले मालूम हाये, हे मले मालूम होतं," ते म्हणाले. "तुम्ही माह्यासमोर येऊन, तोंड मोठं करून, हळू हळू बोलाले लागले होते. पहिले असं नव्हते बोलत." त्यांनी तळवा पुन्हा कानावर दाबला. "सोताहून बंद करनं मले होत नव्हतं जी. म्हटलं, सायेब म्हनतीन. आज म्हनतीन, उद्या म्हनतीन. मी वाट पाहून राहिलो होतो."

चहा आला. मी पेन उघडं धरून बसलो होतो. पाचची एसटी सुटायची वेळ झाली, वैशाली दोनदा आठवण करून गेली, तरी मला त्या पानावर दुसरी ओळ लिहिता आली नाही.