धाकट्याच्या शेजारची सीट

माझी मुलगी मला ‘तुम्ही’ म्हणते आणि माझ्या धाकट्या भावाला ‘तू’. यात गैर काहीच नाही. आमच्या कोल्हापूरच्या घरी वडिलांना अहो-जाहोच करायचे, बायकोने मुलीलाही तेच वळण लावलं. भाऊ अमेरिकेहून पहिल्यांदा म्हैसूरला राहायला आला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पहिल्याच सकाळी तिने विचारलं, “काका, तुम्ही चहा घेणार?” तो म्हणाला, “मला तुम्ही म्हणालीस तर मी चहा घेणार नाही.” झालं. दुपारपर्यंत दोघांची गट्टी जमली होती.

तो तीन आठवडे होता. मी तेव्हा म्हैसूरबाहेर बेळगोळच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघायचो, अजूनही बघतो. पावणेसातला कंपनीची बस, परत यायला संध्याकाळचे सात. मी घरी यायचो तेव्हा हे दोघं जेवणाच्या टेबलावर दगड मांडून बसलेले असायचे. भाऊ सॉफ्टवेअरमधला, पण अ‍ॅरिझोनात राहून त्याला दगडांचा नाद लागला होता. रोज पहाटे तो तिला घेऊन चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढायचा आणि येताना खिसे भरून खडे आणायचा. म्हैसुरात इतकी वर्षं काढून मी त्या पायऱ्या दोनदा चढलो होतो, त्यातली एक खेप नवसाची.

“बाबा, हे ग्रॅनाइट आहे, गोत्ता?” मुलगी म्हणायची. तिचं मराठी असंच, वाक्य आमचं आणि ‘माहितीय का?’ हे शेपूट कन्नड. “हे आधी रसासारखं होतं. जमिनीच्या आत. मग हळूहळू गार झालं.”

“छान,” मी म्हणायचो आणि हातपाय धुवायला जायचो. मी दमलेलो असायचो हे खरं. पण ते दगड तिने माझ्यासमोर धरले की मला त्यांचा राग यायचा, हेही खरं.

बारावीच्या वर्षी तिने जिओलॉजी करायचं असं जाहीर केलं. मी इंजिनिअरिंगच्या क्लासची चौकशी करून आलो होतो. दोन महिने घरात धुसफूस चालली. एके दिवशी ती बायकोला म्हणाली, “मी काकाशी बोललेय. काका म्हणतो, मनापासून वाटतं ना, मग कर.” म्हणजे निर्णय झाला होता, तिकडे, फोनवर. मला फक्त कळवलं जात होतं.

त्याच फोनवर त्याने आम्हाला बोलावलं. परीक्षा संपल्या की मे महिन्यात या, घरासारखी मोठी गाडी भाड्याने घेऊ, दहा दिवस दऱ्याखोऱ्यांतून फिरू, हिला जे पुस्तकात वाचायचंय ते डोळ्यांनी दाखवू. बायको हरखली. मुलगी तर तीन दिवस जमिनीवर नव्हती. मी रजेचा अर्ज भरला. नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं.

गाडी खरंच घरासारखी होती. आपल्या सिटी बसपेक्षा जराशीच लहान. आत गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, मागे एक पलंग, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा दुसरा, आणि मधे जेवणाचं टेबल, जे खाली दाबलं की तिसरा पलंग व्हायचा. भाऊ मला एकेक वस्तू दाखवत फिरत होता. मी म्हणालो, “मीपण थोडी चालवीन की. वीस वर्षं चालवतोय.”

“इन्शुरन्समध्ये माझं एकट्याचंच नाव आहे रे दादा,” तो म्हणाला. “आणि इथे उजव्या बाजूने चालवायची. तू आरामात बस ना.”

मी आरामात बसलो. त्याच्या शेजारच्या सीटवर मुलगी चढून बसली, कोणाला न विचारता. दोघी जावा मागच्या पलंगावर पाय पसरून गप्पांना लागल्या. मला टेबलाजवळचा बाक मिळाला, तोही उलट्या तोंडाचा. मला जे दिसायचं ते मागे पडलेलं दिसायचं. पुढच्या काचेत काय येतंय ते मला त्या दोघांच्या बोलण्यावरून कळायचं.

“तो लाल थर बघ. त्याच्यावर पांढरा. दिसला?”

“तिरक्या रेघा आहेत, काका! वाळूच्या टेकड्या ना?”

“शाब्बास! आणि खाली?”

मग दोघंही एकदम काहीतरी म्हणायची आणि हसायची. मी मान वळवून बघेपर्यंत डोंगर निघून गेलेला असायचा. एकदा मी विचारलं, “पाणी हवंय का कोणाला?” पुढे कोणाला ऐकू गेलं नाही. मागून बायको म्हणाली, “मला द्या.”

मी प्रयत्न केला नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आधी मी एक माहितीपत्रक वाचून काढलं. दुपारी आम्ही एका कड्यावर उभे होतो. खाली हजारो केशरी सुळके, मेणबत्त्या अर्ध्या जळून विझाव्यात तसे. मुलगी गप्प होऊन बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन म्हणालो, “सँडस्टोन. वारा आणि पाणी मिळून कापतात.”

“नाही बाबा,” ती म्हणाली, “हा लाइमस्टोन आहे. इथे तळं होतं.” आणि मला वाईट वाटू नये म्हणून पटकन पुढे म्हणाली, “पण दिसतो तसाच. कोणीही फसेल.”

तिने माझी समजूत घातली होती, घरी आलेल्या पाहुण्याची घालावी तशी. त्याच वेळी भाऊ पलीकडून ओरडला, “अगं इकडे ये, इकडून बघ!” आणि ती पळाली.

भावाला मूल नाही. बरीच वर्षं त्यांनी डॉक्टर केले, मग सोडून दिलं. हे मला माहीत होतं आणि त्या दहा दिवसांत ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो. माझ्याकडे सगळं आहे, त्याला थोडं मिळालं तर काय बिघडलं, असं. त्याचा उपयोग पाच मिनिटं व्हायचा.

पाचव्या दिवशी आम्ही एका उघड्या माळावर गाडी लावली. एका बाजूला लाल भिंतींची घळ, दुसऱ्या बाजूला नुसती झुडपं आणि धूळ. गाडीच्या अंगाला एक कापडी छत गुंडाळलेलं असतं. दाराजवळचं बटण दाबलं की दोन लोखंडी हात पुढे येतात आणि मांडव पसरतो. भावाने तो उघडला, खुर्च्या मांडल्या आणि मुलीला घेऊन घळीत उतरला. मला “चल की दादा” म्हणाला होता. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. दोघी आत झोपल्या होत्या.

मी चहा घेऊन मांडवाखाली बसलो. दाराच्या आतल्या बाजूला, बटणाच्या वरच, सूचना चिकटवलेली होती, की वारा सुटला तर छत ताबडतोब बंद करा. मी ती पहिल्याच दिवशी वाचली होती. यंत्राजवळच्या सूचना वाचणं हा माझा धंदा आहे.

साडेतीनच्या सुमारास वारा सुटला. आधी कापड नुसतं फुगत होतं. मग लोखंडी हात वर उचलले जायला लागले आणि खाली आपटायला लागले. मी उठलो, कप घेऊन दारापर्यंत गेलो. बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मला घळीतून वर येणारी वाट दिसत होती, तिच्यावर अजून कोणी नव्हतं. आणि माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं, की गाडी त्याच्या नावावर आहे, छत त्याने उघडलंय, आता एकदा तिलाही दिसू दे की काकालाही सगळं कळत नाही. मी आत जाऊन बाकावर बसलो.

दोन-तीन मिनिटांत झालं ते. एक हात बिजागरीतून निघाला, कापड फाटत गेलं आणि सगळा मांडव उलटून टपावर जाऊन पडला. बायका घाबरून उठल्या. “काय झालं हो?” बायकोने विचारलं.

“वारा,” मी म्हणालो.

भाऊ आणि मुलगी धावतच वर आले. तो चिडला नाही, मला त्याचाही राग आला. “माझंच चुकलं, बंद करून जायला हवं होतं,” एवढंच म्हणाला आणि मागच्या शिडीने टपावर चढायला लागला, ते धूड सोडवायला. मी म्हणालो, “थांब, मी चढतो.” तो म्हणाला, “तुझा गुडघा दुखतोय.” कापडाने पुन्हा वारा धरला, त्याचा तोल गेला, आणि तो शिडीवरून खाली हातावर पडला.

मनगटाचं हाड मोडलं होतं. तासाभराच्या अंतरावर एक गाव होतं, तिथल्या दवाखान्यात माळावर थोडं पलीकडे तंबू ठोकलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने त्याला नेऊन आणलं. कोपरापर्यंत प्लास्टर. आम्ही दीड दिवस त्या माळावर अडकून पडलो. एवढी मोठी गाडी चालवायला भावजय तयार नव्हती; ती भाड्याच्या कंपनीशी फोनवर बोलत होती, माझ्या लायसन्सचे फोटो पाठवत होती. शेवटी माझं नाव गाडीवर चढलं.

म्हणजे मला ड्रायव्हरची सीट मिळाली. पहिला तास माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. उजवीकडून चालवायची, वळणावर मागचा भाग किती फिरतो त्याचा अंदाज नाही. पण रस्ते सरळ होते आणि गाडी गुणी होती. समोरच्या काचेत आता सगळं मला आधी दिसत होतं. लाल मैदान, त्यात एकटेच उभे राहिलेले प्रचंड खडक, त्यांच्यावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या. मी शेजारी बघितलं. तिथे भावजय बसली होती, मांडीवर नकाशा घेऊन.

मुलगी मागे होती. बाकावर काकाच्या शेजारी. त्याच्या हाताखाली उशी धरून ती त्याला बाहेरचं सांगत होती, कारण गोळीने त्याला झापड येत होती. आता ती सांगत होती आणि तो ऐकत होता. आरशात मला तेवढंच दिसायचं, दोन डोकी, एकमेकांकडे झुकलेली.

त्या संध्याकाळी मी गाडीचं पाणी भरत होतो तेव्हा ती माझ्याजवळ आली. “बाबा, तुम्ही तिथेच बसला होतात ना? वारा आला तेव्हा?”

“चहा ठेवायला आत गेलो होतो.”

तिने नळीला पडलेला पीळ काढला. “अस्टेना?” म्हणाली. एवढंच ना, असा त्याचा अर्थ. मी हो म्हणालो. ती निघून गेली. तिला पटलं होतं असं मला वाटत नाही.

शेवटच्या सकाळी गाडी परत करण्याआधी संडासाची टाकी रिकामी करायची असते. जाड नळी जोडायची, झडप उघडायची, नाक दाबून उभं राहायचं. भाऊ प्लास्टरचा हात छातीशी धरून मला सांगत होता, मी करत होतो. आम्ही दोघंच होतो. मी झडपेकडे बघतच म्हणालो, “मी बटण दाबू शकलो असतो. त्या दिवशी. मी बघत होतो.”

“म्हणजे?”

“दारात उभा होतो. आणि आत जाऊन बसलो.”

“का?” त्याने विचारलं.

“ती तुझ्या शेजारी बसते म्हणून.” बोलताना मला ते किती लहान वाटलं ते सांगता येत नाही. मी बावन्न वर्षांचा होतो.

मला वाटलं होतं तो हसेल, किंवा पाठीवर हात ठेवेल. त्याचा स्वभाव तसाच. पण त्याचा चेहरा लाल झाला. “माझा हात मोडलाय, दादा,” तो म्हणाला. “डोकं फुटलं असतं तर?” आणि मग, “नळी नीट धुऊन ठेव.” विमानतळावर त्याने माझ्या बायकोला, मुलीला जवळ घेतलं. माझ्याशी डावा हात मिळवला. त्यानंतर पाच महिने त्याने मला फोन केला नाही. मुलीला करायचा, दर रविवारी. मी शेजारच्या खोलीत बसून तिचं हसणं ऐकायचो. दिवाळीला त्याचा फोन आला, त्याने आईच्या हातच्या अनारशांची आठवण काढली, आणि त्यानंतर आम्ही पुन्हा बोलायला लागलो. तो विषय सोडून.

मुलीने म्हैसुरातच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. मी विरोध केला नाही. तिच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी एकदा मी तिला गाडीतून कॉलेजला सोडत होतो. सिग्नलला थांबलो असताना मी तिला सगळं सांगितलं. बटण, दार, सगळं.

“काकाला माहितीय?”

“तिथेच सांगितलं होतं मी त्याला.”

“वर्ष झालं बाबा. तो मला एका शब्दाने बोलला नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. दर रविवारी बोलताना त्याने मला तिच्यासमोर सांभाळून घेतलं होतं. मी तोंड उघडलं आणि तो तिच्या नजरेत आणखी मोठा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा मी गाडी पुढे काढली.

आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका रविवारी म्हणाली, “बाबा, टी. नरसीपूरच्या रस्त्याला एक बंद पडलेली खाण आहे. मला नमुने घ्यायचेत. बस नाही तिथे. याल?”

मी गेलो. उन्हात दोन तास ती हातोडीने ठोकत होती आणि मी कापडी पिशव्यांवर पेनने नंबर घालत होतो. एका कापलेल्या भिंतीपाशी ती थबकली. राखाडी दगडातून गुलाबी पट्टे पाण्यासारखे वळत गेले होते. “अय्यो, हे काकाला दाखवायलाच पाहिजे,” म्हणत तिने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. “असा धरा. थोडा वर. हलवू नका हं.”

ती पट्ट्यांवरून बोट फिरवत बोलत होती, तिकडून तो प्रश्न विचारत होता. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. हात भरून आला होता. “दादा, जरा जवळ ने,” तो म्हणाला. मी एक पाऊल पुढे सरकलो आणि फोन दगडाजवळ नेला.