लोणच्याच्या बरणीतला कार्बन

"मिस देसाई, हे सोनं आहे, सोनं!" डायरेक्टर साहेब माझ्या मावशीच्या लोणच्याच्या बरणीकडे बोट दाखवून म्हणाले. बरणीत कारवारजवळच्या खाडीतला काळा चिखल होता. बाजूला मी केलेल्या टेस्टचा रिपोर्ट होता, आणि त्यात बंगळूरच्या लाल मातीच्या चौपट कार्बन होता.

बरणीच का, तर नमुन्यांच्या बाटल्यांचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, स्टोअर्समध्ये पाच महिने झोपला होता. समुद्राची भरती काही इंडेंटसाठी थांबत नाही. शेवटी कारवारच्या मावशीने सहा बरण्या धुऊन, उन्हात वाळवून दिल्या, आणि वर विचारलं, "अगं, एवढं शिकून तू चिखल भरतेस?"

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. बंगळूरच्या एका माती-प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. काम दोन प्रकारचं. एक म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत कार्बन किती साठलाय ते पाहायचं. दुसरं, त्यातून वायू किती बाहेर पडतो ते मोजायचं. त्यासाठी पत्र्याचा डबा चिखलावर पालथा घालायचा आणि आतली हवा नळीने चुन्याच्या निवळीतून न्यायची. निवळी पांढरी झाली की कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे बाटलीत धरून काडी लावायची, पेटले तर मिथेन. आज या वायूंवर जगभर परिषदा भरतात. आमच्या वेळी तो नुसता चिखलाचा वास होता.

माझे बुडबुडे पेटलेच नाहीत. निवळीही जेमतेम गढूळ झाली. म्हणजे पोटात चौपट कार्बन आणि बाहेर काहीच नाही. मला हे जरा खटकलं. साहेबांना अजिबात खटकलं नाही.

"याचाच अर्थ कार्बन आत टिकून राहतो," ते म्हणाले. "उत्तम खत! एक लॉरी मागवा. ट्रायल आपल्या रानोजीच्या मळ्यात घेऊ. काय रानोजी?"

रानोजी अण्णा आमचे अटेंडंट. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच, पण कन्नड शब्द येता-जाता आत डोकावायचे. आज जिथे बंगळूरची एचएसआर लेआउट ही वस्ती आहे, तिथे तेव्हा त्यांचा अबोलीचा लहानसा मळा होता. वडिलांनी लावलेला. घरातली तीन माणसं पहाटे फुलं खुडायची आणि शहरातल्या मार्केटला न्यायची. साहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती.

"सरी, सर," म्हणजे बरं सर, अण्णा म्हणाले. आवाज मात्र पडला होता.

साहेब गेल्यावर ते माझ्यापाशी आले. "अक्का, मी पहिल्याच दिवशी बोललो होतो नव्हं? त्यात उप्पु आहे."

उप्पु म्हणजे मीठ. बरण्या आल्या त्या दिवशी अण्णांनी चिखलात बोट बुडवून जिभेला लावलं होतं. मी त्यांना केवढं झापलं होतं! लॅबमधलं काही तोंडात घालायचं नसतं, हा नियम त्यांना इंग्रजीत सुनावला होता, म्हणजे अधिक शास्त्रीय वाटावा म्हणून. आता मात्र मी बरणीकडे पुन्हा पाहिलं. मीठ अबोलीला काय करेल हे सांगायला केमिस्ट लागत नाही.

"मीठ आहे हे मला ठाऊक आहे हो अण्णा," मी म्हटलं. "समुद्राकाठचा चिखल तो. पण कार्बनसुद्धा आहे ना."

"असंल. तुमी बघा स्वल्प."

स्वल्प म्हणजे थोडंसं. मी थोडंसं बघितलं. म्हणजे टेस्टचं पुस्तक पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.

टेस्ट अशी असते. चिखलात डायक्रोमेट नावाचं नारिंगी औषध घालायचं, वर सल्फ्युरिक ॲसिड. कार्बन ते नारिंगी औषध खातो. उरलेलं मोजायचं. जितकं खाल्लं गेलं, तितका कार्बन. सोपं आहे, माकडसुद्धा करील. मी केलंच होतं. पुस्तकाच्या तळटीपेत मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं की मीठसुद्धा हे औषध खातं, तेव्हा खाऱ्या मातीतलं मीठ आधी धुऊन काढा. टेस्टच्या वेळी डोळे चुरचुरत होते, उग्र वास येत होता, तो याच मिठातून निघालेल्या क्लोरीनचा. मी दोष दिला होता वर्षभर बंद असलेल्या एक्झॉस्ट फॅनला.

चिखल धुऊन पुन्हा टेस्ट केली. चौपटीचा थाट उतरला. कार्बन बरा होता, पण सोनंबिनं काही नाही. मी धावत केबिनमध्ये गेले.

"मीठ?" साहेब हसले. "अहो, लोणच्याच्या बरण्या वापरल्यावर मीठ नाही तर काय साखर सापडणार? लॉरी निघालीय. सोमवारी पोचेल."

घ्या! समुद्राला साहेबांनी निर्दोष सोडलं आणि माझ्या मावशीला आरोपी केलं.

शनिवारी मी तीन टेस्ट केल्या आणि रजिस्टरमध्ये नुसतं अ, ब, क लिहिलं. साहेब कधी फ्लास्क बघत नसत, आकडे बघत. त्यांनी चष्मा लावला.

"अ छान, आपल्या खाडीएवढी. ब साधारण. पण क! वा! खाडीलासुद्धा मागे टाकलं. हीच मागवायला हवी. कुठली माती ही?"

"कँटीनची, साहेब."

"म्हणजे?"

"अ खाडीचा न धुतलेला चिखल. ब तुमच्या बंगल्यातल्या गुलाबांची माती. क मध्ये मातीच नाही. कँटीनचं चिमूटभर मीठ आहे. रानोजी अण्णांनी सांबाराच्या टेबलावरून आणलंय."

दारात उभे असलेले अण्णा छताकडे बघू लागले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता.

"ट्रायल पुढे ढकला," ते अखेर म्हणाले. "माझ्या निरीक्षणानुसार, असं लिहा."

मी लिहिलं. मळा वाचत होता, मग निरीक्षण कुणाचं का असेना. अण्णांनी बाहेर व्हरांड्यात येऊन मला दोन्ही हात जोडले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोळ माझाच होता.

सोमवारी लॉरी आली. एवढा चिखल परत पाठवणं म्हणजे चूक झाली हे कागदावर मान्य करणं. ते आमच्या नियमांत बसत नव्हतं. "तात्पुरता माझ्या बंगल्यामागे टाका," साहेबांनी हुकूम दिला. बंगल्यामागे उतार होता आणि उताराखाली गुलाब. चार-दोन पाऊस झाले आणि गुलाबांची पानं कडेने करपायला लागली.

साहेबांनी मला आणि अण्णांना बोलावून घेतलं. "रोग कोणता हा, मिस देसाई? दहा दिवसांत सविस्तर टेस्ट करून रिपोर्ट द्या."

अण्णा खाली वाकले. वाफ्यातली माती बोटावर घेऊन त्यांनी जिभेला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

"उप्पु, अक्का."

या वेळी मी ते तिथल्या तिथे रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.