विनायक, हाथ पीछे लो

आम्ही रिटायर्ड मंडळी सदर बाजारात चहाला बसलो की किस्से निघतातच, आणि दर वेळी एखादा वाढतो! आमचे किस्से बहुतेक एकेका वाक्याचे. एकाहत्तरच्या लढाईत आम्ही दारूगोळ्याच्या फॅक्टरीत धोक्याच्या पाट्यांचा मजकूर लिहायचो.

* * *

काडतुसं दाबायच्या प्रेससाठी माझं पहिलं वाक्य होतं, ‘सभी कर्मचारियों को सूचित किया जाता है कि प्रेस चालू रहने की अवस्था में...’

आमचे हेड, नाना गोखले. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे सुतळी. ते म्हणाले, “सुधाकर, हे वाचून होईपर्यंत माणसाचा हात जाईल ना रे!”

त्यांनी सगळं खोडून लिहिलं, ‘हाथ पीछे लो.’

नानांचा नियमच होता. आधी एका माणसाचं नाव लिहायचं, त्याला सांगतोय असं वाक्य करायचं, मग नाव खोडून कागद पेंटरकडे द्यायचा.

* * *

आमच्यातला जोशी बायकोचं नाव लिहायचा. त्याचं वाक्य आलं, ‘कृपया एक बार विचार कर लें.’

नाना म्हणाले, “काहून एवढा घाबरून राहिला बे? दुसरं कोणी धर!”

* * *

एकदा नानाच नाव खोडायला विसरले. चार नंबर शेडच्या प्रेसवर पाटी लागली, ‘विनायक, हाथ पीछे लो.’ शेडमध्ये विनायक नावाचं कोणी नव्हतं. आम्ही पोट धरून हसलो.

दुपारी बदली होऊन एक नवा माणूस प्रेसवर आला. पाटी वाचून दचकला, हात ओढला, आणि प्रेस आपोआप खाली आला!

त्याचं नाव विनायक होतं. मग कोणी हसलं नाही.

* * *

मी नानांना विचारलं, “तुमचा विनायक कोण?”

“धाकटा भाऊ. आधीच्या लढाईत, याच शेडमध्ये गेला. पाटी होती रे तेव्हाही. मीच लिहिली होती. फार लांब होती.”



* * *

त्याच थंडीत नाना गेले. त्यांना पोचवायला आमचा अख्खा सेक्शन नर्मदेवर गेला होता.

महिन्याभराने नवा प्रेस आला. पाटीचं काम माझ्याकडे. मला कोणाचं नावच सुचेना, म्हणून कागद कोराच टेबलावर ठेवला आणि प्रेस पाहायला शेडमध्ये गेलो. आत वाकून मी साच्यावरून हात फिरवत होतो.

मागून पेंटर आला. तोही नवा, त्याच आठवड्यात लागलेला. हातात ओली पाटी.

“साहब, इसमें नाम रह गया है. मिटा दूँ?”

पाटीवर होतं, ‘सुधाकर, हाथ पीछे लो.’

“कागज किसने दिया?”

“वही बाबूजी, जिनके चश्मे में सुतली है.”

मी हात मागे घेतला.