अंगातले टँकर

दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या मावशींच्या मांडीवर रिकामी घागर होती. वाटेत टँकर दिसलाच तर असावी म्हणून.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन त्यांना रक्ताचा रिपोर्ट समजावू लागल्या. "मावशी, चरबी रक्तात विरघळत नाही. तिला न्यायला टँकर लागतात. काही ती अंगभर पोचवतात, त्यांची गर्दी झाली की रक्तवाहिन्या तुंबतात. काही उरलेली चरबी गोळा करून लिव्हरकडे परत नेतात. तुमच्याकडे हे परत नेणारे भरपूर आहेत, म्हणजे काळजी नाही!"

मावशींनी घागरीवर थाप मारली. "बघा की! गल्लीत एक टँकर येईना, आन माझ्या अंगात लाईन लागून राहिली!"

सगळा दवाखाना हसला. तेवढ्यात बाहेर खऱ्याच टँकरचा हॉर्न वाजला आणि मावशी सगळ्यांच्या आधी पळाल्या. रिपोर्ट खुर्चीवरच राहिला. त्यांना आता त्याची गरजही नव्हती.